मदत हवी आहे: सिंथेसायझर मिक्सरसाठी लॉग पोटेन्शिओमीटर की लिनिअर?

नमस्कार. युरोरॅक पद्धतीच्या मॉड्युलर (सुटी मॉड्यूल तारांनी जोडून बनणाऱ्या) सिंथेसायझरसाठी मी घरी चार चॅनलांचा मिक्सर बनवत आहे. टीएल०७२ (ऑप-अँप चिप) आणि १०० के (किलो-ओहम) रेझिस्टर वापरून केलेले बेरजेचे सर्किट ±१२ व्होल्टवर व्यवस्थित चालते; अडचण केवळ पोटेन्शिओमीटरची (नॉबने बदलता येणाऱ्या रेझिस्टरची) आहे. तीन चॅनल आवाजासाठी आहेत, तर चौथ्यातून पिचचे सीव्ही (स्वराची उंची ठरवणारे नियंत्रण व्होल्टेज) जायचे असल्याने इनपुटला कपॅसिटर ठेवलेला नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत मला ९ मिमीचे फक्त बी१००के, म्हणजे लिनिअर (नॉब फिरेल त्याच प्रमाणात बदलणारे), मिळाले. ते लावल्यावर नॉबच्या सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यातच आवाज एकदम चढतो आणि पुढे फारसा फरक जाणवत नाही. म्हणून वायपर (पोटेन्शिओमीटरचे मधले, सरकते टोक) व ग्राउंड यांच्यामध्ये १५ के रेझिस्टर जोडून पाहिला. बेंच सप्लायवरून ५ व्होल्ट दिले असता नॉब मधोमध ठेवल्यावर पूर्वी २ व्होल्ट मिळत होते, आता सुमारे ०.८६ मिळतात, आणि कानाला हा चढ खरोखरच सुखद वाटतो. मात्र नॉब पूर्ण उघडल्यावर मागच्या (सिग्नल पाठवणाऱ्या) मॉड्यूलवर जेमतेम ११.५ के इतका भार येतो. त्याचा आउटपुट रेझिस्टर १ के असल्याने सिग्नल सुमारे ८ टक्के घटतो. आवाजाला हे चालेल, पिचला मुळीच नाही.

पॅनेलला ९ मिमीच्या उभ्या पोटेन्शिओमीटरनुसार छिद्रे पाडून झाली आहेत, त्यामुळे १६ मिमीचे बसणार नाहीत. सुटे भाग बाहेरगावाहून मागवावे लागणार असल्याने एकदाच योग्य तेच मागवायचे आहेत.

आवाजाच्या तीन चॅनलांना ए१००के, म्हणजे लॉग (कानाला समान वाटेल असा चढ देणारे), घेऊन सीव्हीच्या चॅनलला बी१००के तसाच ठेवावा, की बी१००के व १५ के यांच्याआधी बफर (मागच्या मॉड्यूलवर भार येऊ न देणारे सर्किट) लावणे अधिक भरवशाचे ठरेल?