काच बदलल्यापासून गाडी मोकळ्या रस्त्यात आपोआप ब्रेक मारते: एईबी (धडक टाळायला आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक) बंद करू का?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही, लेव्हल २ एडास, म्हणजे वेग, ब्रेक आणि स्टीअरिंगला मदत करणारी यंत्रणा. बंपरमध्ये रडार, काचेमागे कॅमेरा. दगड लागून पुढची काच तडकली, ती बाहेरच्या दुकानातून बदलून घेतली. तेव्हापासून हे होऊन राहिलं:

नागपुरात नरेंद्रनगरच्या रेल्वे अंडरब्रिजमध्ये उतरताना, वेग साधारण ४०. लाल इशारा, बीप आणि लगेच जोरदार ब्रेक. पुढे कोणी नसतं.

समृद्धीवर क्रूझ (वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय) १०० वर. वळणावर डावीकडच्या लेनमधल्या ट्रकला ओलांडताना गाडी ८०-८५ पर्यंत उतरते. इथे बीप नाही, लाल चित्र नाही.

वर्धा रोडवर गर्दीत दुचाकी आडवी घुसली की झटका बसतो.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, स्कॅनरवर एकही एरर कोड नाही, म्हणजे गाडी ठीक. पण मागे ट्रक असताना असा ब्रेक लागला तर काय, ही धास्ती आहे. एईबी कायमचं बंद ठेवू का?

रडार_आणि_रस्ता

भाऊ, बंद करायच्या आधी एवढं पाहा की ही एक तक्रार नाही, तीन आहेत, आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

अंडरब्रिजमधला ब्रेक एईबीचा. लाल चित्र, बीप आणि जोराचा दाब ही त्याची खूण. युरोपात चालणाऱ्या यूएन आर-१५२ नियमानुसार एईबीने दर सेकंदाला किमान १८ किमी/तास वेग उतरेल एवढा ब्रेक मागायचा असतो, आणि धोका आधीच दिसत असेल तर निदान ०.८ सेकंद आधी इशारा द्यायचा असतो. समृद्धीवर गाडी मुकाट्याने उतरते, ती अडॅप्टिव्ह क्रूझ. हायवेच्या वेगात क्रूझच्या ब्रेकला आयएसओ १५६२२ या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे, सेकंदाला साधारण १२-१३ किमी/तास. म्हणजे एईबी बंद केलं तरी समृद्धीवरचा त्रास जसाच्या तसा राहणार. तिसरा प्रकार तर बिघाडच नाही. दुचाकी खरोखर आडवी येते आणि गाडी खरोखर ब्रेक मारते.

आता अंडरब्रिज. साध्या रडारला वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येते हे छान कळतं, पण ती जमिनीपासून किती उंच आहे हे फार ढोबळ कळतं. रस्ता खाली उतरतो आणि गाडी अजून सपाटीवर असते, तेव्हा पुलाचा गर्डर गाडीच्या नाकासमोर जवळजवळ सरळ रेषेत येतो. त्याच्या आधी रेल्वेचा उंची-मर्यादेचा लोखंडी आडवा दांडा असेल तर तोही दिसतो. उतारावर नाक खाली गेलं की समोरचा चढ दिसायला लागतो, आणि तळाला पाण्याची लोखंडी जाळी असली तर तिच्यावरून परतलेली रडारची लहरही येते. सगळं स्थिर, सगळं जवळ येणारं. अशा वेळी 'हे गाडीच्या वर आहे, धडकणार नाही' हे ठरवायचं काम कॅमेऱ्याचं असतं.

आणि तुमचा कॅमेरा काच बदलताना हलला आहे.

हिशेब करून पाहा. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर धरा. ४० मीटर पुढच्या वस्तूचा पाया क्षितिजाच्या १.८६ अंश खाली दिसतो. कॅमेरा फक्त अर्धा अंश चुकीचा बसला तर तोच पाया २.३६ अंशांवर वाटतो, आणि त्या कोनाचं अंतर निघतं साडेएकतीस मीटर. वस्तू साडेआठ मीटर जवळ आली, प्रत्यक्षात काही न बदलता. उंचीचा अंदाजही याच क्षितिजावर टिकलेला असतो, म्हणून गर्डर 'वरचा' न राहता 'समोरचा' होतो.

आडव्या दिशेत रडारचंही असंच. एक अंश चूक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटर, म्हणजे अर्धी लेन सरकली. वळणावर शेजारचा ट्रक तुमच्याच लेनमध्ये उभा केला जातो. अर्थात रडार अचूक असलं तरी वळणाच्या सुरुवातीला हे थोडं होतंच, कारण पुढचा मार्ग गाडी स्टीअरिंगच्या कोनावरून ठरवते आणि तुम्ही अजून स्टीअरिंग वळवलेलं नसतं.

एरर कोडबद्दल: कोड येतो तो सेन्सर बंद पडल्यावर किंवा चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. मर्यादेच्या आतली चूक कोड टाकत नाही. 'कोड नाही म्हणजे ठीक' हे उत्तर स्वीकारू नका. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये रडारचा आडवा-उभा कोन आणि कॅमेऱ्याचं शेवटचं कॅलिब्रेशन (कोन अचूक जुळवून घेणं) केव्हाचं आहे, हे दाखवायला सांगा.

काच_आणि_कॅमेरा

वरच्या उत्तरात कॅमेऱ्याचं बरोबर सांगितलंय. काचेच्या बाजूने थोडी भर घालते.

कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो. म्हणून काच बदलली की कॅलिब्रेशन करावंच लागतं, दुकानदार काहीही म्हणो. आधी काच कोणती बसवली ते बघा. एकाच मॉडेलच्या काचा कॅमेरावाल्या आणि बिनकॅमेऱ्याच्या अशा दोन प्रकारच्या येतात. बिनकॅमेऱ्याच्या काचेवर ब्रॅकेट मागाहून चिकटवला असेल तर कॅलिब्रेशन एकतर पूर्ण होत नाही, किंवा झालं तरी टिकत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या खिडकीत काच लहरी नको. बाहेरून उभं राहून त्या तुकड्यातून एखादी सरळ रेषा पाहा, ती वाकडी दिसली तर काचच परत करायची.

स्थिर कॅलिब्रेशनला, म्हणजे गाडी उभी ठेवून समोर खुणांचा टार्गेट बोर्ड लावून करतात त्याला, गाडी सपाट फरशीवर लागते. चारही टायरमध्ये दाराच्या स्टिकरवर लिहिलेली हवा, डिकी रिकामी, टाकीत मॅन्युअल सांगेल तेवढं पेट्रोल, बॅटरीला चार्जर जोडलेला, टार्गेट बोर्डावर थेट ऊन नाही. बोर्ड बंपरच्या मध्यावरून मापायचा नसतो, मागच्या चाकांच्या दिशारेषेवरून मापायचा असतो, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. मागची चाकं किंचित तिरकी असतील तर गाडी सरळ जाते पण नाक एका बाजूला बघत असतं. म्हणून क्रम असा: आधी चारही चाकांचं अलाइनमेंट, मग स्टीअरिंग अँगल सेन्सर (स्टीअरिंग किती वळलं ते मोजणारा) शून्यावर, मग कॅमेरा, मग रडार. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंट झाल्यावर पुन्हा सगळं करावं लागतं.

काही गाड्यांना यानंतर, किंवा याऐवजी, रस्त्यावर चालवून कॅलिब्रेशन लागतं. त्याला ठळक पट्टे असलेला सलग रस्ता हवा. शहरात पट्टे पुसलेले असतात, त्यामुळे आउटर रिंग रोड किंवा समृद्धीचा शिवमडक्यापासूनचा भाग बरा. कोरडा रस्ता, दिवसाउजेड, मॅन्युअलमध्ये दिलेला वेग. पावसात करायला नेऊ नये.

काच विम्यातून होत असेल तर कॅलिब्रेशनची वेगळी ओळ सर्व्हेअरच्या अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्या, नंतर जोडणं अवघड जातं.

हिंगणा_नाका

मी तर म्हणतो बंद करून ठेवा. आपल्याकडच्या गर्दीला ही यंत्रणा बनलेलीच नाही. अमेरिकेतसुद्धा याच तक्रारी आहेत. तिथल्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये निसान रोगच्या २०१७-१८ मॉडेलची चौकशी सुरू केली होती. रेल्वे क्रॉसिंग, पूल आणि खाली लटकणारे सिग्नल पाहून गाडी ब्रेक मारते, हीच तक्रार. २०२२ च्या फेब्रुवारीत टेस्ला आणि होंडा यांच्याही चौकशा लागल्या. तिथे रस्ते एवढे नीट असून जमत नाही, तर इथे काय जमणार?

रडार_आणि_रस्ता

दाखले बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही. निसान रोगच्या बाबतीत कंपनीने रडारचं सॉफ्टवेअर बदलून दिलं. म्हणजे चूक कुठे होते हे शोधता येतं आणि दुरुस्तही होतं. त्याच एनएचटीएसएने एप्रिल २०२४ मध्ये एईबी सक्तीचा नियम अंतिम केला, आणि त्यात खोट्या ब्रेकची चाचणीही घातली. रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटवरून आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून ताशी ८० किमीने गाडी न्यायची, तिने ०.२५ जी (सेकंदाला साधारण ९ किमी/तास) पेक्षा जास्त ब्रेक मारायचा नाही. खोदकामावर टाकलेल्या असल्या प्लेटा आपल्या गावात काही कमी नाहीत.

रात्री बिनदिव्याचा उभा ट्रक किंवा ट्रॉली समोर आली, तर अर्धा सेकंद आधी ब्रेक लावणारी यंत्रणा हीच आहे. ती कायमची बंद करणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद-चालू केलं की एईबी आपोआप पुन्हा सुरू होतं, त्यामुळे 'कायमचं बंद' हे तसंही हातात नसतं.

कॅलिब्रेशन होईपर्यंत मधला मार्ग: फॉरवर्ड कोलिजनच्या (पुढच्या धडकेच्या इशाऱ्याच्या) सेटिंगमध्ये इशाऱ्याची वेळ 'लेट' किंवा 'नॉर्मल' ठेवा. 'वॉर्निंग ओन्ली' (फक्त इशारा, ब्रेक नाही) असेल तर अंडरब्रिजच्या रोजच्या रस्त्यापुरतं ते वापरा. समृद्धीवर क्रूझ लावू नका, पाय स्वतःचा ठेवा. बाकी सगळीकडे एईबी मात्र चालू राहू द्या.

उमरेड_रोड

कॅलिब्रेशनच्या आधी फुकटात तपासता येतील अशा गोष्टी कोणी लिहिल्याच नाहीत.

लिंबू-मिरची कुठे बांधली आहे? रडार बहुधा लोगोमागे किंवा खालच्या जाळीत असतं, आणि दर शनिवारी आपण नेमकी तिथेच दोरी लटकवतो. वाऱ्याने ती रडारसमोर हलत राहते. दसऱ्याचा ओला झेंडूचा हारही तसाच. डाव्या-उजव्या कोपऱ्याला बांधा, मध्ये नको.

लोगो बदललाय का? रडारसमोरचा मूळ लोगो खास प्लास्टिकचा असतो, बाजारातल्या क्रोमच्या लोगोतून लहरी नीट जात नाहीत. बंपरला डेंट-पेंट करताना रडारसमोर पुट्टीचा जाड थर बसला तरी तेच होतं. आणि लोखंडी बुलगार्ड असेल तर तो काढा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलंय, आणि रडारलाही तो सतत समोर दिसतो.

आतून: कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर डॅशकॅम, आरशाला लटकवलेली माळ, फास्टॅगचा स्टिकर, काचेवरची फिल्म, डॅशबोर्डवरचं चकचकीत कव्हर. यातलं काहीही असेल तर हलवा. नवीन काच बसवणाऱ्याने फास्टॅग तिथेच चिकटवला असण्याची शक्यता बरीच असते.

उन्हाचंही पाहा. समृद्धी नागपुरातून पश्चिमेला जाते, त्यामुळे संध्याकाळी जाताना आणि सकाळी परत येताना सूर्य थेट कॅमेऱ्यात. भंडारा रोडला सकाळी जाताना तेच. सिमेंट रोडवर वरून चकाकी, आणि पुलाची गडद सावली आडवी पडलेली. कॅमेरा तिथे अडखळतो. धुक्यात मात्र बहुतेक गाड्या 'यंत्रणा उपलब्ध नाही' असं सांगून बाजूला होतात, तो त्रास वेगळा.

ट्रकच्या मागे ८० चा गोल स्टिकर असतो, तोही लक्षात घ्या. क्रूझ वेगमर्यादेच्या पाटीशी जोडलेली असेल तर कॅमेरा तो स्टिकर पाटी समजू शकतो. तुमची गाडी १०० वरून ८० च्याच आसपास येऊन थांबते म्हणून म्हटलं. तेवढं एक सेटिंग बंद करून पाहा. फरक पडला तर ती तक्रार रडारची नव्हतीच.

धरमपेठकर

फास्टॅग खरंच कॅमेऱ्याला चिकटूनच लावलेला आहे, आणि पाटीशी जोडलेलं सेटिंग चालू आहे. दोन्ही आजच बघतो. दोन शंका आहेत. एक, असा ब्रेक लागलाच तर त्या क्षणी पायाने काय करायचं? दुसरी, मी मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकलेत, त्याने काही होतं का?

रडार_आणि_रस्ता

पायाचं: आधी समोर पाहायचं. रस्ता खरंच मोकळा असेल तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत त्याने किंवा स्टीअरिंग ठळक वळवल्याने एईबी सोडून देतं. ब्रेकवर पाय ठेवू नका, मग गाडीला वाटतं चालकालाही थांबायचंय आणि ती जोर वाढवते. १०० वर असताना एक सेकंद एईबी लागलं तर वेग ८२ वर येतो. मागच्याला कळून त्याचा पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढा वेळ ब्रेक चालू राहिला तर तो साडेपाच मीटर जवळ आलेला असतो आणि वेगातला फरक २७ झालेला असतो. म्हणून मागचा चिकटलेला असेल तर आधीच डावीकडे होऊन त्याला जाऊ द्या.

क्रूझचं अंतर सगळ्यात कमी ठेवू नका. जवळ चिकटून चालवलं की प्रत्येक सुधारणा झटक्याची होते. सगळ्यात जास्त ठेवलं तर मधे दुचाकी घुसतात. मधली पायरी घ्या. गावात क्रूझ लावूच नका, तुमची तिसरी तक्रार तिथेच निम्मी संपेल.

काच_आणि_कॅमेरा

टायरचं मी सांगते. रुंदीपेक्षा बाहेरचा एकूण व्यास महत्त्वाचा. व्यास बदलला की चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग चुकतो, गाडीची उंची बदलते आणि कॅमेरा-रडार दोन्ही वर-खाली होतात. पुढे-मागे वेगळी माप असतील तर नाकाचा कोनही बदलतो. व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर सहसा कॅलिब्रेशन त्याच टायरवर करून चालतं. पण मूळ माप परत टाकायचा विचार असेल तर आधी टायर बदला, मग कॅलिब्रेशन, नाहीतर पैसे दोनदा जातील.

आणि गाडी ताब्यात घेताना आधीचा आणि नंतरचा, दोन्ही स्कॅन रिपोर्ट छापून मागा. त्यावर तारीख, ओडोमीटरचा आकडा, काचेचा पार्ट नंबर आणि रडारचे दोन्ही कोन असले पाहिजेत. मग त्याच वेगाने, मागे कोणी नसताना, नरेंद्रनगरचा अंडरब्रिज उतरून पाहा. तरीही लाल चित्र आलं तर डॅशकॅमची क्लिप वेळ आणि वेगासह काढून सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आहे का, ते लेखी विचारा.