अनुभव धागा : लेखातलं दुःख तुम्ही कसं वाचता?

आत्मपर लेखात माणूस सोसतो, भोवतालचे पाठीशी उभे राहत नाहीत. हे लेखक नेमकं कशानं उभं करतो? दोन लेख शेजारी ठेवून सांगा. ‘हृदयद्रावक’, ‘अंगावर काटा आला’ हे नको. परिच्छेदावर बोट ठेवा.

दौत
आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचं लेखन घ्या. १९०१, मसूर स्टेशन, वडिलांकडे निघालेली पोरं. जात कळताच स्टेशनमास्तर खोलीत निघून जातो. पुढे दुप्पट भाड्यावर बैलगाडी ठरते, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. डबा भरलेला आहे, पाणी मिळत नाही, म्हणून रात्री उपाशीच झोपतात. विशेषणं फार कमी. सगळं काम भाडं, डबा आणि पाणी करतात.

मठ्ठा
मान्य. पण यावरून ‘आवाज न चढवणं म्हणजेच चांगलं लेखन’ असा नियम करू नका. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवे यांचा १८५५ सालचा ‘ज्ञानोदय’ नियतकालिकातला निबंध वाचा. वय चौदा, आवाज पहिल्यापासून टिपेला. पंडितांना त्या तुमचं पांडित्य बाजूला ठेवा म्हणून बजावतात, देवाला थेट प्रश्न विचारतात. तरी तो निबंध हवेत जात नाही, कारण मध्येच बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसल्याचं येतं, आणि पाऊस, थंडी. आंबेडकर परदेशी वाचकाला समजावून सांगत होते, म्हणून क्रमवार तपशील. मुक्ताबाई इथल्यांनाच जाब विचारत होत्या. आधी ‘कुणाला उद्देशून?’ हे ठरवा, मगच तुलना.

दौत
हे सुटलंच होतं माझ्याकडून.

उंबरा
साथ न देणारं वातावरण म्हणजे शिव्या नि मारहाणच, असं धरलं की दलित घरातून येऊन संस्कृत शिकलेल्या कुमुद पावडे हातातून निसटतात. ‘अंतःस्फोट’मधल्या (१९८१) संस्कृतवरच्या लेखात कौतुकच बोचतं: ‘तुम्ही, आणि संस्कृत?’ त्यात गोखले गुरुजी मनापासून शिकवतात, हेही लपवलेलं नाही. सगळेच दुष्ट दाखवले असते तर लेख सोपा झाला असता. नोकरी मिळते ती लग्नानंतर, आडनाव बदलल्यावर. जात सांगणारं ‘सोमकुवर’ हे माहेरचं आडनाव मागे राहतं. शिकवताना मुलं हा शेवट ‘अखेर यश मिळालं’ असा लिहितात. तिथेच गाडी घसरते.

शाईपेन
मुलांसाठी एक सोपी रीत. एकच पान घ्या, दोन पेन्सिली. लाल रंगानं भावनेचे शब्द (दुःख, अपमान, वेदना), निळ्यानं कुणी काय केलं किंवा नाकारलं. मग समासात दोन नोंदी: नाकारणारा कोण, आणि बघून गप्प राहणारा कोण. दुसरी नोंद बहुतेकांची कोरी राहते, आणि वातावरण असतं ते तिथेच. सारांश लिहिताना लाल शब्द मुळापेक्षा वाढले तर ती भर तुमची, लेखकाची नव्हे.

सरावाला आंबेडकरांचाच बडोद्याचा प्रसंग द्या. फक्त पारशांसाठीच्या धर्मशाळेचा रखवालदार दिवसाला दीड रुपया घेऊन पारशी नावानं राहू देतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक येऊन बजावतात, संध्याकाळपर्यंत जागा सोड. रात्री आंबेडकर सामान न्यायला येतात. रखवालदार बाहेर येतो, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नाही. इथे निळी पेन्सिल कुठे लावायची यावर वर्गात तासभर भांडण होतं.