सोलापुरात मापाची ब्रा आणि कुरळ्या केसांसाठी सामान: लवकर सांगा

जाई_सोला
वैतागले आहे. नवी पेठ पालथी घातली. कुठल्याही दुकानात काउंटरवरचा माणूस लांबूनच बघतो, "छत्तीस बसतंय की ओ ताई" म्हणतो आणि डबे काढायला लागतो. घरी येऊन घातली की स्ट्रॅप खांद्यात रुततात, मागची बाजू पाठीवर चढते, काखेकडून अंग बाहेर येतं. घालून बघायची सोय नाही, परतही घेत नाहीत. दुसरं म्हणजे केस. इथे आल्यापासून पार काथ्या झालाय. दोन्हींसाठी नेमकं नाव सांगा. पंधरा दिवसांवर नणंदेचं लग्न आहे.

मृण्मयी_क
छातीखालचं माप किती? वरचं किती? सध्या कुठला नंबर? केस कशाने धुतेस? "इथे आल्यापासून" म्हणजे आधी कुठे होतीस?

संध्या_होटगीरोड
मी कायम ३८ सी वापरते, साधी कॉटनची, पॅड नाही, तार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीच बरी. डोळे झाकून घे.

मृण्मयी_क
संध्याताई, तिचं माप कळल्याशिवाय ३८ कशी घेईल ती?

जाई_सोला
३६ बी घालते. माप कधी कुणी घेतलंच नाही. आधी पुण्यात होते. शांपू साधाच. आता नाव सांगाल का?

मृण्मयी_क
नाव शेवटी. शिंप्याची टेप घे. श्वास सोडून छातीच्या बरोबर खाली घट्ट माप, मग सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर, थोडं पुढे वाकून. टेप पाठीवर आडवी सरळ हवी. इंचात लिही.

जाई_सोला
३१ आणि ३७.

मृण्मयी_क
मग ३६ बी तुझी नव्हेच. बँड म्हणजे छातीखालचा पट्टा, ३१ ला जवळचा बँड ३२. सदतीसातून बत्तीस गेले, पाच उरले. एक इंच फरक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. तू ३२ डीडी. काही कंपन्या त्यालाच ई म्हणतात, म्हणून तक्ता बघूनच घे. वजन बँडने पेलायचं असतं. बँड ढिला असला की मागून चढतो आणि सगळा भार स्ट्रॅपवर येतो. तुला ते रुततात ते त्यामुळे.

वत्सला_पेठ
खालच्या मापात पाच मिळवायचे, आम्हाला असंच शिकवलंय. एकतीस नि पाच छत्तीस. दुकानदार चुकीचा नाही. आणि डीडी? अगं, बारीक पोरगी आहे ती!

मृण्मयी_क
वत्सलाताई, पाच मिळवायचे म्हणूनच मागची बाजू चढते. नुसतं डीडी म्हणजे मोठं असं नसतं, बँडप्रमाणे कप बदलतो. ३२ डीडी, ३४ डी, ३६ सी या तिन्हींचा कप साधारण सारखाच भरतो. ३२ मिळाली नाही तर ३४ डी घ्यावी, पण ३६ बी तर कपालाही कमीच पडते.

वत्सला_पेठ
त्यापेक्षा शिवून घ्या. ब्लाउज शिवणारी एखादी बाई कॉटनची शिवून देते, अंगावर घेऊन बघता येते. लग्नाच्या ब्लाउजला तर कप आतूनच लावून घ्यावेत, म्हणजे प्रश्नच मिटला.

जाई_सोला
ब्लाउज शिवून झालाय ताई. रोज शाळेत उभं राहून शिकवते, मला रोजची हवी आहे.

टाकीवाला
मी पुरुष आहे, बायकोने धागा दाखवला. केसांचं कारण पाणी. बोअरचं वापरत असाल. टीडीएस मीटर घ्या, आकडा जास्त आला की सॉफ्टनर बसवा.

रसायन_विजापूररोड
टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. पाणी जड आहे का ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी कॅल्शियम नि मॅग्नेशियम मोजावं लागतं. सॉफ्टनरने टीडीएस तसाच राहतो, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं इतकंच. साधी खूण बघा, बादलीला पांढरा थर बसतो का, साबणाला फेस येतो का?

जाई_सोला
बोअरच. उजनीचं येतं त्या दिवशी प्यायला भरून ठेवतो. बादली पांढरी असते.

रसायन_विजापूररोड
मग तो थर केसांवरही बसतो, वर कितीही कंडिशनर लावा. आठवड्यातून एकदा चिलेटिंग शांपू, म्हणजे केसांवरचे क्षार काढणारा, लावा, शेवटचा तांब्या उजनीच्या पाण्याचा घ्या. साध्या शांपूत इडीटीए (क्षार धरून ठेवणारा घटक) लिहिलेलं असतं, पण ते थोडंसंच, तेवढ्याने भागत नाही.

संध्या_होटगीरोड
शिकेकाई लावा, सगळं ठीक होतं. आणि केस गळत असतील तर थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. माझ्या भाचीला तेच निघालं.

जाई_सोला
गळत नाहीत हो, राठ झालेत.

कुरळी_पार्कचौक
कुरळे केस धुतल्यावर टर्किश टॉवेलने घासू नका, जुन्या बनियनने टिपा. ओल्या केसांना जवसाचं जेल लावा. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं होईपर्यंत उकळा, गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

वत्सला_पेठ
सोलापुरात राहून टॉवेलला नावं? आमच्या घरात माग होते, आमच्या टॉवेलने कुणाचे केस खराब झाले नाहीत. आणि जवस चटणीत घालायचं असतं, डोक्याला नाही.

कुरळी_पार्कचौक
ताई, टॉवेलला नाव नाही ठेवलं, घासण्याला ठेवलं. त्याच टॉवेलने नुसतं दाबून पाणी काढलं तरी चालेल.

टाकीवाला
जवसाच्या चटणीत लसूण भाजून की कच्चा?

मृण्मयी_क
विषय कुठे चाललाय! जाई, जिवामेसारख्या साइटवर बँड आणि कप वेगळे निवडता येतात. परत करायची अट वाचून ३२ डीडी आणि ३४ डी दोन्ही मागव. सगळ्यांत बाहेरच्या हुकवर घट्ट बसते तीच ठेव, इलास्टिक पुढे सैल पडतं. घातल्यावर हात आत घालून काखेकडचा भाग कपात ओढून घे, मग बघ. आणि रोज तीच घालू नकोस, सुकायला आणि पूर्ववत व्हायला वेळ दे.

जाई_सोला
दोन्ही मागवल्या. जेलही आज करते. पण टेपने माप घेणारं, बाई काउंटरवर असलेलं दुकान सोलापुरात कुणाला माहीत असेल तर तेही लिहा. सासूबाई ऑनलाइन घेणार नाहीत.

नीलांबरी_जुळे
मलाही हेच हवंय. बँड ४२, कप बी, उन्हाळ्यात छातीखाली घामाने लाल होतं. कॉटनमध्ये तार नसलेली कुणी वापरते का?