रोमला आईने साडी नेसावी की जीन्स?

चकलीवाली:
ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन रोम आणि फ्लॉरेन्सला चाललेय, आठ दिवस, टूरबरोबर नाही आपलं आपणच. जर्मनीतल्या भावाने फोनवर घाबरवून सोडलंय की टुरिस्ट दिसलात की पाकीट गेलंच समज, तिथल्या लोकांसारखं काळं-राखाडी काहीतरी घाला. बाबांचा प्रश्न नाही, ते पँट-शर्टवालेच. आई ६४ वर्षांची, पंजाबी ड्रेससुद्धा आयुष्यात दोनदाच घातलाय. भावाच्या सांगण्यावरून तिला दोन जीन्स आणल्या तर ती आरशासमोर नुसती उभी राहते आणि म्हणते, ही कोण बाई? जबरदस्ती करू का? आणि मंगळसूत्राचं काय करायचं?

निवांत_डोंबिवलीकर:
काळे कपडे घातले की आपण इटालियन दिसतो हे तुमच्या भावाला कोणी सांगितलं 😀 मी पण हाच शहाणपणा केला होता, गडद जॅकेट, काळी पँट, टोपी नाही, कॅमेरा नाही. रोममधल्या पँथिऑनच्या जुन्या देवळासमोर पाऊस आला म्हणून दोन फोल्डिंगच्या छत्र्या हातात घेऊन बायकोची वाट बघत उभा होतो तर एक गोरी बाई आली आणि विचारते कितीला दिली. तिथे पाऊस पडला रे पडला की बांगलादेशी पोरं छत्र्या विकायला उभी राहतात, त्यातलाच एक वाटलो. म्हणजे लोकल दिसलो की नाही? बायको अजून पाऊस आला की विचारते, धंदा कसाय.

रोमची_सून:
मी इथे बरीच वर्षं राहते म्हणून सांगते, चोर साडी-जीन्स बघत नाही, तुमचं लक्ष कुठेय ते बघतो. टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए लाइन, या दोन ठिकाणी सॅक पोटावर घ्या, फोन मागच्या खिशात नको, आणि दार बंद होताना गर्दी उगाच अंगावर आली तर सावध व्हा. मॅप बघायचा असेल तर एखाद्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून बघा, रस्त्याच्या मधोमध चौघं गोल करून नको.
कपड्यांचं म्हणाल तर इथले लोक थर्मामीटर नाही कॅलेंडर बघून कपडे घालतात. ऑक्टोबर लागला की दुपारी २२-२३ डिग्री असलं तरी गळ्यात स्कार्फ आणि अंगात जॅकेट, त्यामुळे हाफ पँटमध्ये फिरणारा पुरुष लगेच पाहुणा म्हणून ओळखू येतो, बाबांना तेवढं सांगा. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की झालं, उलट स्लीव्हलेसवाल्या बायकाच दारात स्कार्फ शोधत असतात. आणि दमलात तरी स्पॅनिश स्टेप्सच्या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून बंदी आहे, दंड ४०० युरोपर्यंत.

आजी_ऑन_टूर:
मी ६८, आणि युरोप साडीतच केला. जीन्स घालून आई दिवसभर अवघडून चालेल आणि तेच लांबून दिसेल, त्यापेक्षा साडी बरी. फक्त नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसायची, कारण तिथल्या जुन्या रस्त्यांवर काळे दगड बसवलेत, वर-खाली, पाय अडखळतो. खाली बूट, चपला नकोच. सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात. सुती नको, चुरगळते आणि वाळत नाही, साधी जॉर्जेट घ्या, आतून थर्मल, वरून कोट. परकराला आतून चेनचा खिसा शिवून घ्या, पासपोर्ट आणि जास्तीचे युरो त्यात, तिथपर्यंत कुठला चोर पोचतोय. पैसे मात्र सकाळी खोलीतच काढून पर्समध्ये ठेवायचे, मी एकदा काउंटरसमोर अडकले होते 🙈 मंगळसूत्र सोन्याचं घरी, काळ्या मण्यांची छोटी पोत घालायची.

पुणेरी_मिसळ:
एवढं कशाला, टूरवाल्यांची रंगीत टोपी आणि गळ्यात लटकवलेला पासपोर्टचा पाऊच नसला तरी अर्धं काम झालं.

चकलीवाली:
सगळ्यांना थँक्यू!! आईला वाचून दाखवलं. परकराला दोन खिसे शिवायला टाकलेत, दुसरा बाबांच्या पासपोर्टसाठी, त्यांच्यावर तिचा भरवसा नाही. छत्रीवाला किस्सा तिने तीनदा वाचायला लावला. दुकानवाला जीन्सचे पैसे परत देत नाहीये, बदलून देतो म्हणतो, तर माझ्या मापाच्या घेऊन आले.