नव्या प्रणालीच्या गो-लाइव्हची (प्रत्यक्ष चालू करण्याची) तारीख वरून ठरली आहे. व्यवस्थापनाकडून नेमकं काय मागून घ्यावं?

भांडार_ते_डिस्पॅच (प्रश्न)

पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून जुनी स्टॉक-प्रणाली आणि तिच्या आजूबाजूला वाढलेल्या एक्सेल शीट बंद, सगळा कारभार नव्या ईआरपीवर (सगळ्या विभागांची मिळून एकच संगणक-प्रणाली), असा निर्णय झाला आहे. भांडार, खरेदी, लेखा, डिस्पॅच मिळून 140 माणसं आणि साधारण 6000 आयटम कोड. तारीख हलणार नाही म्हणतात. प्रशिक्षण दोन महिने आधी, दोन दिवसांचं. कोणी दिवसात किती नोंदी केल्या याचा डॅशबोर्डही त्याच दिवशी चालू होणार.

सगळं एकदम बदलावं की टप्प्याने? जुनं-नवं काही दिवस समांतर चालवावं का? आणि ‘बदलाला विरोध करतात’ असा शिक्का बसू न देता वरच्यांकडे काय मागावं?

कटओव्हर_वही

तारखेशी भांडू नका, तिला अटी बांधून घ्या. पुढे जायचं की थांबायचं हे कोण ठरवणार, कधी ठरवणार, कोणते आकडे बघून ठरवणार, हे एका पानावर लिहा आणि दीड महिना आधी त्यावर सही घ्या. हे बोलणं शेवटच्या रविवारी रात्रीवर ढकललं, तर दमलेली माणसं ‘होऊन जाऊ दे’ म्हणतात.

माझ्या मते चार अटी पुरेत. खऱ्या डेटावर दोन रंगीत तालमी झालेल्या. स्टॉकचं मूल्य जुन्या प्रणालीशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळलेलं. दिवसातल्या सगळ्यात वर्दळीच्या तासाइतका भार टाकून बघितलेला. आणि परत फिरायची शेवटची वेळ ठरलेली, उदाहरणार्थ रविवार दुपारी 2.

भाराची अट कोणी काढायला सांगितली तर टीएसबी बँकेचं उदाहरण द्या. एप्रिल 2018 मध्ये या ब्रिटिश बँकेने एका शनिवार-रविवारात ग्राहकांना नव्या प्रणालीवर नेलं. डेटा नीट पोचला, पण प्रणाली कोलमडली आणि लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच चाचणी झाली होती. 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86.5 लाख पौंड दंड ठोठावला.

समांतर चालवणं भांडारात टाळा. एकाच मालाची दोनदा नोंद करायची म्हटलं की दुसरी नोंद संध्याकाळी आठवून आठवून होते, आणि तिसऱ्या दिवशी कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. पगाराचा हिशेब मात्र दोन महिने दोन्हीकडे काढा आणि माणूसनिहाय फरक तपासा. टप्पे पाडायचे असतील तर गोदामवार पाडा. खरेदी आणि स्टॉक यांची ताटातूट करू नका, नाहीतर मधला पूल म्हणून पुन्हा एक एक्सेल शीट जन्माला येते.

आणि तिमाहीची पहिली तारीख शक्य असल्यास एक महिना पुढे न्यायला सांगा. लेखा विभाग त्या आठवड्यात मागची तिमाही बंद करण्यात बुडालेला असतो. हंगामाच्या तोंडावर तर मुळीच नको. हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 च्या जुलैत, हॅलोविनच्या आधी, नवी प्रणाली चालू केली. माल तयार असूनही सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत.

शून्य_गळालं

6000 कोडांपैकी खरे किती, हे आधी बघा. दोन वर्षांत हालचाल नसलेले वेगळे काढा, तेच नाव दोन कोडांवर असेल तर एक बंद करा. गो-लाइव्हच्या तीन आठवडे आधीपासून नवीन कोड काढणं बंद.

एक्सेलमधून डेटा नेताना हमखास बिघडतं ते असं: 00457 चा 457 होतो, 2E5 हा कोड 2.00E+05 होऊन बसतो, 15 अंकांपुढचे अंक शून्य होतात, 03/04 ही तारीख मार्च की एप्रिल ते कळेनासं होतं. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग डेटा पेस्ट करा. शून्य एकदा गळाल्यावर फॉरमॅट बदलून ते परत येत नाही.

त्याहून घातक म्हणजे मोजमापाचं एकक. खरेदी पेटीत, वापर नगात. एका पेटीत 24 नग हे मास्टरमध्ये (आयटमच्या मूळ यादीत) भरलं नाही तर 10 पेट्यांची आवक 10 नग म्हणून चढते, आणि चूक कळते थेट माल संपल्यावर. किमतीने वरच्या 200 आयटमचं रूपांतर हाताने तपासा, भांडारातला माणूस शेजारी बसवून.

अजून एक. जुन्या प्रणाली बऱ्याचदा ऋण स्टॉक चालवून घेतात: माल आधी दिला, आवक नंतर चढवली. नवी प्रणाली तिथे अडवते. रात्रपाळीला माल समोर रॅकवर दिसतोय आणि स्क्रीन म्हणते ‘शिल्लक 0’. याला सेटिंग बदलणं हा उपाय नव्हे, गाडी रिकामी झाल्यावर अर्ध्या तासात आवक चढवायला रात्रपाळीतही माणूस हवा. तो द्यायचा की नाही, हा पूर्णपणे व्यवस्थापनाचा निर्णय.

पाळी_दुसरी

डॅशबोर्ड पहिले आठ आठवडे बंद ठेवायला सांगा, आणि यावर ठाम राहा. नोंदींची संख्या मोजली की 50 नगांची एक नोंद 10-10 च्या पाच होते. अवघड पावती बाजूला पडते, सोप्या आधी चढतात. त्या काळात मोजायचंच असेल तर दोन आकडे पुरे: किती गाड्या कागदपत्रांअभावी अडल्या, आणि रोज 20 बिनची (रॅकवरच्या कप्प्यांची) मोजणी केली तर किती जुळले.

दोन महिने आधीचं प्रशिक्षण वाया जातं. शेवटच्या दहा दिवसांत घ्या, तुमच्याच कोडांवर. प्रत्येक 12-15 जणांमागे एक जाणता सहकारी नेमा आणि त्याचं निम्मं नेहमीचं काम लेखी काढून घ्या. नेमणूक होते, काम तेवढंच राहतं आणि दुसऱ्या आठवड्यात तो माणूस मोडून पडतो. हे बघवत नाही, आणि टाळता येण्याजोगं आहे.

भांडार_ते_डिस्पॅच

खूप आभार. मंजुऱ्यांचं काय? खरेदीला तीन पातळ्या ठेवल्या आहेत.

कटओव्हर_वही

मंजुरी देणारा रजेवर गेला की ऑर्डर अडकते, मग पासवर्ड चिठ्ठीवर फिरायला लागतो. प्रत्येक पातळीला पर्यायी नाव आजच भरा, आणि 24 तासांत उत्तर नाही आलं तर मंजुरी आपोआप त्याच्याकडे जाईल असं लावून घ्या. तालमीत एका मंजुरीदाराला मुद्दाम गैरहजर ठेवून बघा.