विमान कंपनी बुडाली आणि आपण अडकलो : कोल्हापूरकरांचे अनुभव

किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेटचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले आणि गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज करून दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ऐन सुट्टीच्या हंगामात, उड्डाणे थांबवली. ज्यांच्यावर असा प्रसंग आला त्यांनी अनुभव लिहून कळवताना कंपनीचे नाव टाळावे. मात्र पैसे कसे भरले होते हे अवश्य लिहावे, कारण पुढचे बरेचसे त्यावरच ठरते.

राजारामपुरी
श्रीनगरहून परतीच्या आदल्या संध्याकाळी उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला. कंपनीचा फोन लागेना आणि दुसऱ्या विमानाचे भाडे रात्रीतून तिप्पट झाले. खरी काळजी सासूबाईंच्या इन्सुलिनची होती. ते गार राहावे, पण गोठू नये म्हणून बाटली रुमालात गुंडाळून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवली आणि भाड्याच्या गाडीने जम्मू गाठले. रामबनजवळ रस्ता तुंबला होता, तिथे बर्फ पुन्हा मिळवताना चहावाल्याने एक पैसाही घेतला नाही. पुढे तत्काळमध्ये झेलम एक्स्प्रेसने पुणे आणि स्वारगेटहून एस.टी.

उद्यमनगर
दिल्लीच्या प्रदर्शनासाठी पुण्याहून काढलेले तिकीट क्रेडिट कार्डावर होते. कंपनीच्या मागे न लागता बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम बँकेमार्फत परत मिळवण्याचा, अर्ज केला आणि सोबत तिकीट व रद्द झाल्याचा संदेश जोडला. काही आठवड्यांनी रक्कम परत आली. अर्जाला मुदत असते, म्हणून ‘परतावा लवकरच’ या आश्वासनावर बसून राहू नये. भागीदाराने रोख दिले होते. त्याचे अडकले ते अडकलेच.

शाहूपुरी
मी तिकिटांचा एजंट आहे आणि पैसे एजंटाने दाबले असा समज असल्यामुळे लिहितो. स्वस्त कंपन्यांकडे आम्हाला आगाऊ रक्कम भरून ठेवावी लागते; तिकीट काढले की ती त्यातून वळती होते आणि रद्द झाले की परतावा त्याच खात्यात जमा होतो. कंपनी बंद पडली की तो आकडा पडद्यावर नुसता दिसत राहतो, काढता येत नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम १४ खाली स्थगिती लागली की कंपनीविरुद्ध खटलाही चालत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाची वाटही खुंटते. उरतो तो रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या व्यक्तीकडे, दावा दाखल करण्याचा मार्ग. आणि कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर कलम ५३ च्या क्रमात प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका यांच्या बऱ्याच मागे आपण उभे असतो. हे सगळे वडिलांच्या काळापासूनच्या गिऱ्हाइकाला सांगितले, तर ते म्हणाले, “तात्या, आमी तुमच्याकडं बघून पैसे दिलं हुतं.” काहींना पदरचे दिले, काहींना हप्त्याने देतो आहे.

मूळ कोल्हापूर, सध्या ब्रिटन
येथे २ ऑक्टोबर २०१७ रोजी मोनार्क ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा परदेशात असलेल्या सुमारे १,१०,००० प्रवाशांना नागरी विमान प्राधिकरणाने दुसरी विमाने भाड्याने घेऊन परत आणले. सहल-कंपन्या प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड संरक्षण निधीत भरतात. आपल्या तिकिटावर एवढी शुल्के असतात, त्यांत अशा निधीसाठी थोडे अधिक द्यायला निदान माझी तरी हरकत नसेल.