'मिसडिक्लेरेशन': चुकीची घोषणा की खोटी?

प्रश्न: निर्यातीच्या प्रकरणातला कस्टम्सचा आदेश मराठीत आणतोय. 'मिसडिक्लेरेशन'ला 'खोटी घोषणा' लिहिलं, तर वकील 'चुकीची' करा म्हणतात. एवढा फरक पडतो का?

उत्तर १: पडतो. 1962च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम 113(आय) पाहा. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातदाराने कस्टम्सला दिलेल्या घोषणापत्रात, लिहिलेला माल आणि प्रत्यक्ष माल किमतीत किंवा महत्त्वाच्या तपशिलात जुळला नाही, की तो सरकारजमा होऊ शकतो. त्यासाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही, म्हणून तिथे 'चुकीची'. कलम 114एए जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीबद्दल आहे, दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. 'खोटी' तिथेच लिहा. आधीच लिहिलंत, तर विभागाने सिद्ध न केलेला हेतू तुम्ही सिद्ध करून ठेवलात.

तांदळाचं उदाहरण घ्या. 20 जुलै 2023ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, उकडा चालू राहिला. 25 ऑगस्टपासून त्यावर 20 टक्के शुल्क लागलं. बंदी आणि शुल्क दोन्ही 2024मध्ये उठले. समजा, त्या काळात बिलावर उकडा आणि गोणीत पांढरा. नुसत्या रंगावर जाता येत नाही, कारण हलका उकडलेला दाणाही बराच पांढरा दिसतो. कच्च्या तांदळातले स्टार्चचे कण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की प्रत्येकावर काळी फुली दिसते. उकडताना स्टार्च फुगतो आणि ती फुली जाते. प्रयोगशाळेच्या अहवालात हे निरीक्षण हवं. 'उकडा नाही' एवढा शेरा उलटतपासणीत टिकत नाही.

उत्तर २: मुळात तपासणीला काढलेला नमुनाच कमकुवत असतो. दाराजवळच्या दोन गोण्यांतून मूठभर दाणे काढले, तर ते अख्ख्या कंटेनरचं प्रमाण कसं होईल? आतल्या, मधल्या, वरच्या-खालच्या गोण्यांतून काढा. मालक किंवा त्याचा कस्टम्स ब्रोकर (कस्टम्सची कामं करणारा दलाल) समोर असू द्या. कंटेनर नंबर, सील नंबर आणि नमुन्याच्या पाकिटावरचं सील पंचनाम्यात उतरवा. पाकिटावरचा आणि अहवालातला नंबर जुळला नाही, तर तो अहवाल याच मालाचा कशावरून, हा पहिला प्रश्न येतो.

आणखी एक, 'जप्ती' आणि 'सरकारजमा' एक समजू नका. जप्ती तपासात होते. सरकारजमा करण्याचा आदेश कारणे दाखवा नोटीस आणि सुनावणीनंतरच निघतो.

उत्तर ३: याच कायद्याच्या कलम 108खाली चौकशीत घेतलेल्या 'स्टेटमेंट'ला 'जबाब' म्हणा, 'कबुली' नको. जबाबात कबुली असेलच असं नाही.